चाचणीचं गिऱ्हाईक

वहिनींनी ग्राहकांची कामं आपोआप पुढे सरकवणारी नवी पद्धत संगणकावर बसवली, तेव्हा दादांनी एकच अट घातली. पहिल्या महिन्यात एक जरी घोळ झाला, तरी हे सगळं गुंडाळायचं आणि जुनी वही काढायची. दादा म्हणजे वहिनींचे यजमान. स्वयंपाकघरातली कपाटं बनवण्याचा त्यांचा छोटा कारखाना होता: एक लांबोळकी खोली, दोन करवती, तीन कारागीर आणि घरोघरी जाऊन मापं घेणारे, त्यांचे नकाशे काढणारे टेपकाका. दादांचा विश्वास फक्त स्वतःच्या पेन्सिलीवर होता. ती कानावर खोचलेली असताना ते ती कारखानाभर शोधत, ही गोष्ट वेगळी.

वहिनींचा मात्र अर्धा दिवस फोनवर जायचा. माप कधी घेणार, नकाशा आवडला का, माणसं कधी येणार, हेच तेच बोलून त्यांचा घसा बसायचा. आता तसं नव्हतं. ग्राहकाने फॉर्म भरला की त्याला स्वागताचा मेसेज जाणार. त्याने ‘हो’ म्हटलं की टेपकाकांना तारीख मिळणार. नकाशाला ‘हो’ आलं की कारखान्यातल्या प्रिंटरमधून कापणीची चिठ्ठी बाहेर पडणार, आणि शेवटच्या ‘हो’ला कारागिरांच्या फोनवर पत्ता. मध्ये कोणी तोंड उघडायची गरज नाही.

चाचणीसाठी एक खोटा ग्राहक हवा होता. वहिनींनी स्वतःचा नंबर घातला, दादांचा घातला. हे दोघे तर मालक आहेत, असं म्हणून संगणकाने ते परत केले. मनाने रचलेला पत्ताही त्याला चालेना. शेवटी वहिनींनी सासूबाईंचा नंबर आणि पत्ता ठोकून दिला. सासूबाई चार गल्ल्या पलीकडे एकट्या राहत. ‘अनोळखी मेसेज आला तर लक्ष देऊ नका’ असं त्यांना सांगायचं वहिनींनी पक्कं ठरवलं, आणि तेवढ्यात प्लायवुडचा टेम्पो दारात आला. ते सांगणं राहिलं ते राहिलंच.

इकडे सासूबाईंच्या फोनवर मेसेज आला. ‘आदरणीय ग्राहक, आपल्या नव्या स्वयंपाकघराचं काम सुरू करायचं का?’ सासूबाईंनी तो तीनदा वाचला. त्यांच्या कपाटाचं दार गेली सहा वर्षं सुतळीने बांधलेलं होतं, आणि लेक सहा वर्षं ‘पुढच्या महिन्यात नक्की’ म्हणत होता. एवढ्या अदबीने त्यांना घरच्या कोणी कधी विचारलं नव्हतं. लेकाने गुपचूप बेत आखलेला दिसतोय, तर आपण बोलून त्याचा विरस कशाला करा? त्यांनी ‘हो’ पाठवलं.

टेपकाका माप घ्यायला गेले, तेव्हा सासूबाई तोंडावर बोट ठेवून म्हणाल्या, “तिकडे बोलू नका हं. त्याला वाटू दे, मला काही कळलं नाही.” टेपकाका भला माणूस. एकदा शब्द दिला की दिला. त्यांनी चहा घेतला, सासूबाईंना उभं करून त्यांचा हात कुठवर पोचतो तेसुद्धा मोजलं आणि नकाशावर फक्त ‘ग्राहक क्रमांक १’ लिहिलं.

वहिनींच्या पडद्यावर एकेक पायरी हिरवी होत होती. त्यांना वाटलं, यंत्र सराव करतंय, आणि काय सुरेख करतंय. प्रिंटरमधून चिठ्ठी पडली ती दादांच्या हातात. नवं गिऱ्हाईक आलंय असं समजून त्यांनी लाकूड कापायला घेतलं. कापता कापता ते त्या गिऱ्हाइकाच्या प्रेमातच पडले.

“बाई शहाणी आहे,” ते जेवताना म्हणाले. “सगळ्या फळ्या हाताशी. डबे ठेवायला उथळ खण. नाहीतर लोक छतापर्यंत कपाटं मागतात आणि मग स्टुलावरून पडतात.” त्या खणांच्या कडा त्यांनी स्वतः घासून गुळगुळीत केल्या. कोणती बाई, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. वहिनी त्या वेळी दुसऱ्याच कामाच्या विचारात होत्या. त्यांनी नुसतं ‘हं’ केलं.

घोळ उघडा पडला तो मंगळवारी. त्या दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे कपाटं बसवायची होती. दादांनी तसा तोंडी शब्द दिला होता. पण डॉक्टरीणबाईंनी तारखेच्या मेसेजला उत्तरच दिलं नव्हतं, आणि सासूबाईंनी मेसेज येताच ‘हो’ पाठवलं होतं. संगणकाने आधी हो म्हणणाऱ्याला कारागीर देऊन टाकले. दादा डॉक्टरीणबाईंच्या दारात पोचले, तर तिथे ना माणसं, ना कपाटं. सगळी भांडी बाहेरच्या खोलीत मांडून बाई तेवढ्या उभ्या. दादांनी कारागिराला फोन लावला.

“दादा, आम्ही तुमच्या आईंकडे आहोत,” तो म्हणाला. “जुनं सगळं काढून झालं. नवं बसतंय.”

दादा गाडीकडे धावले. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, की त्यांनाही त्या कारागिरांना भेटायचं आहे, आणि गाडीत येऊन बसल्या. दादांनी वाटेत वहिनींनाही तिकडेच बोलावून घेतलं. फोनवरचा आवाज ऐकूनच वहिनी मनातल्या मनात जुन्या वहीवरची धूळ झटकू लागल्या.

तिघं एकदमच दारात पोचले. आत शेवटचं दार बसत होतं. सासूबाईंनी ते उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग मागे वळून लेकाला पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला.

“मला वाटलं होतं, तू विसरलास,” त्या म्हणाल्या. “आणि तू नुसतं केलं नाहीस रे, माझा हात पोचेल असं केलंस.”

दादा ओरडायच्या तयारीनेच आले होते. आपणच घासलेल्या त्या गुळगुळीत कडेवर आईचा हात फिरताना ते बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “उशीरच झाला, आई.”

डॉक्टरीणबाईंचा राग कुठल्या कुठे गेला. आईचं काम आधी करायचं होतं तर तसं सांगायचं, आपण काय नाही म्हटलं असतं का, असं त्या म्हणाल्या. दादांनी मान हलवली. वहिनींनी तर दोनदा हलवली. तोवर सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंचा ताबा घेतला होता. कुठे काय ठेवायचं, फळी किती उंच हवी, कोपरा का वाया घालवू नये, सगळं अर्धा तास समजावलं. जाताना डॉक्टरीणबाईंनी आपला नकाशा बदलून मागितला आणि बसवायच्या दिवशी या आजींनाही घेऊन या असं बजावलं.

ठरल्या दिवशी सासूबाई डॉक्टरीणबाईंकडे हजर झाल्या. खुर्ची टाकून मधोमध बसल्या आणि दादांकडून एक फळी चार वेळा खालीवर करून घेतली. डॉक्टरीणबाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी आपल्या दवाखान्यात येणाऱ्यांना या आजींबद्दल सांगितलं. ज्यांना तोंड मिटता येत नव्हतं, त्यांनीही मुकाट ऐकून घेतलं.

वही काही निघाली नाही; उलट नवी गिऱ्हाइकं ‘आजींनाही पाठवा’ म्हणू लागली. पंधरा दिवसांनी दादांनी आईला फोन केला, गुरुवारी घरी जेवायला ये म्हणाले.

“गुरुवारी?” सासूबाई म्हणाल्या. “सूनबाईला विचार बाबा. माझ्या तारखा तिच्याकडे असतात.”