तोफ किंवा तत्सम

वाहनाची ताकद इंजिनात असते, असा एक भाबडा समज आहे. ती परिवहन कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली असते.

आमच्या ह्यांनी सैन्यातून निवृत्त झालेली जीप लिलावात घेतली. चारही चाकं जोर लावतात. (आमच्या घरात असं दुसरं कोणी नाही.) आम्हाला त्याच दिवशी घर सोडायचं होतं. सामान ट्रेलरवर बांधून झालेलं, नवे भाडेकरू आपापल्या गाद्यांसकट जिन्यात बसलेले. जीपनं कायद्यानं किती ओढावं, एवढंच ठरायचं होतं; त्या कागदाशिवाय नाक्यावरून परत पाठवतात. म्हणून जीप, ट्रेलर आणि आम्ही सगळे आधी कचेरीत.

निरीक्षकसाहेब अत्यंत न्यायी. खाली येऊन त्यांनी जीपवरची पितळी पट्टी स्वतः वाचली: ‘एक तोफ किंवा तत्सम, दारूगोळ्यासह, दीड टन.’ मग आम्हाला वर नेलं.

“ट्रेलरवर काय आहे?”

“कपाट, फ्रिज, पाळणा,” हे म्हणाले.

“तोफ?”

“नाही हो साहेब.”

“मग क्षमता शून्य. तोफ आणा, आत्ता सही करतो.”

“अहो, तोफ ओढते तर कपाट का नाही?” सासूबाईंनी विचारलं. असल्या प्रश्नांमुळेच कचेऱ्यांवर ताण येतो.

साहेबांनी ‘तत्सम’च्या कसोट्या तीन सांगितल्या: तोंड असावं, आवाज पल्लेदार असावा, समोरच्यानं माघार घ्यावी. फ्रिज पहिलीत पास होऊन दुसरीत नापास झाला. (ह्यांनी सासूबाईंचं नाव सुचवलं नाही, याची नोंद व्हावी.)

तेवढ्यात आमची ठमी, वय सात महिने, माझ्या खांद्यावर जागी झाली. पहिल्या फैरीत तीन टेबलं रिकामी झाली. दुसरीत कचेरीच्या जिन्यातली रांग पांगली. साहेब खुर्चीसकट भिंतीला टेकले.

“चालेल! ही चालेल!” ते ओरडले. “पण बाकीचं सामान?”

“तिचाच दारूगोळा, साहेब,” मी म्हणाले.

खोटं काय त्यात? पाळणा तिचा, फ्रिजात दूध तिचं, कपाटात कपडे तिचे. (खालच्या एका खणात आम्हा तिघांचे.) दीड टनाला दहा किलो कमी. मंजूर! तोफ माझ्या मांडीवर, दारूगोळा मागे, आणि आम्ही सगळे वेड्यासारखे हसत नाक्यापार झालो.

साडेसात किलोच्या जिवामागे दीड टन, हे तुम्हाला अतिशयोक्त वाटत असेल, तर आपल्या आईला विचारून बघा. तुम्हाला तर तिनं विनापरवाना ओढलं. दंड बिचारी अजून भरतेय.