टेकडीवाल्यांच्या वाइनला सत्त्याण्णव गुण

माझ्या जिभेवर माझा फार विश्वास होता. होता म्हणतोय, याची नोंद घ्या.

आमच्या मालकांचा वाइनचा घाऊक व्यापार आहे आणि मी तिथे चव बघतो. हसू नका, पगारी नोकरी आहे. उंची वाइनचा भाव ती बाटलीत जाण्याआधीच फुटतो. वाइन पिंपात पडून असते, बाटलीत भरायला दीड वर्ष बाकी असतं, आणि बागवाले लहान बाटल्यांतून नमुने पाठवून मोकळे होतात. मी ते चाखायचे, टिपण लिहायचं, शंभरपैकी गुण द्यायचे. त्या गुणांच्या भरवशावर मालक आगाऊ माल उचलतात. पहिलीतल्या पोराकडे बघून तो पुढे सर्जन होईल की नाही हे सांगण्यासारखंच आहे हे. पण मी सांगायचो, आणि छाती पुढे काढून सांगायचो.

कच्ची वाइन दोनदा चाखतात. आज एकदा, आणि उघडी बाटली ठेवून उद्या पुन्हा. हवा लागल्यावर ती खुलते की मान टाकते, ते दुसऱ्या दिवशी कळतं. त्या शनिवारी सहा बागांचे नमुने आले, प्रत्येक बाटलीच्या चिठ्ठीवर बागेचं नाव आणि नंबर. मी पहिली फेरी उरकली. त्यात टेकडीवर बाग असलेल्या एका गृहस्थांची वाइन इतकी पाणचट आणि आंबट होती की मी कच्चे गुण एक्क्याऐंशी लिहिले, तेही त्यांच्या वयाकडे बघून. नेमका ऑफिसचा फ्रिज बंद पडला होता. म्हणून सहा अर्ध्या बाटल्या घरी आणल्या आणि आमच्या फ्रिजच्या दारात लावल्या. घरी सासूबाई पंधरा दिवसांसाठी आलेल्या होत्या.

रविवारी सकाळी मालकांचा फोन आला. "टेकडीवाल्यांचा भाव उद्याच फुटतोय. त्यांचं टिपण आधी पाठव. बाकीच्यांचं आठवड्याने चालेल."

मी टेकडीवाल्यांची चिठ्ठी असलेली बाटली काढली, पेल्यात ओतली, नाकाला लावली आणि खुर्चीत बसलो. काय ती वाइन! सुकं अंजीर, ओली माती, आणि जिभेवर लांबत जाणारा शेवट. एका दिवसात एवढा कायापालट मी कधी पाहिला नव्हता. आयुष्यात त्र्याण्णवच्या वर न गेलेला मी, सत्त्याण्णव देऊन बसलो. काल अर्धी असलेली बाटली आज गळ्यापर्यंत भरलेली होती आणि फ्रिजच्या दारात एकटीच होती, हे माझ्या लक्षात आलं नाही. माझं लक्ष रंगाकडे होतं.

सोमवारी दुपारपर्यंत मालकांनी टेकडीवाल्यांच्या मालाचा पहिला हप्ता सगळा उचलला. माझे गुण बाजारात फिरले तसा दुसरा हप्ता दुप्पट भावाने निघाला, मालकांनी तोही उचलला आणि माझी पाठ थोपटली. संध्याकाळी मी शीळ घालत घरी आलो. आता उरलेले पाच नमुने, म्हणून फ्रिज उघडला. दारात लोणी आणि औषधाची बाटली. सिंकशेजारी पाच लहान बाटल्या स्वच्छ धुऊन पालथ्या घातलेल्या.

"आई, या बाटल्या?"

"अहो जावईबापू, सहाच्या सहा अर्ध्या," सासूबाई म्हणाल्या. "किती जागा अडवायची ती! मी कालच पहाटे एकीत करून टाकल्या."

मी तिथेच स्टुलावर टेकलो. बायकोने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही," आणि पाणी मागितलं.

पुढचे तीन दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. मालक माझ्याकडे बघून हसले तरी घाम, न हसले तरी घाम. चौदा वर्षं या जिभेवर घर चाललं होतं. जीभ गेली तर मला दुसरं काय येतं? साधा कांदा मला नीट चिरता येत नाही. एकदा धीर करून मालकांच्या केबिनपर्यंत गेलो आणि स्टेपलर मागून परत आलो. त्यातच मालकांनी जाहीर केलं, "गुरुवारी टेकडीवाले स्वतः पिंपातला ताजा नमुना घेऊन येतायत. सगळे मिळून चाखू."

गुरुवारी टेकडीवाले वेळेच्या अर्धा तास आधीच आले. चव बघायच्या खोलीत मी एकटाच पेले पुसत होतो. त्यांनी दार लोटलं आणि खिशातून माझं टिपण काढलं.

"तीनदा वाचलं," ते हळूच म्हणाले. "लांबत जाणारा शेवट म्हणे. अहो, माझी यंदाची वाइन सुरूच होत नाही, तिला शेवट कुठून येणार? खरं सांगा, काय मिसळलंत?"

मी सगळं सांगून टाकलं. फ्रिज, सासूबाई, पालथ्या बाटल्या. वाटलं, आता हा माणूस आरडाओरडा करणार.

"ओरडून काय करू?" ते म्हणाले. "भाव लागला सत्त्याण्णवाचा. दीड वर्षात वाइनला तिथवर पोचवायला हवं, नाहीतर तुमच्याबरोबर माझीही अब्रू गेली. त्या पाच बागांचा माल मी विकत घेतो, मिश्रण म्हणून लेबलवर उघड छापतो. फक्त प्रमाण सांगा."

मी घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"प्रमाण कसलं आलंय?" सासूबाई म्हणाल्या. "मी तोंडाला लावत नाही ते. वास घेत घेत ओतलं. त्या टेकडीच्या बाटलीत घोटभरच ठेवलं होतं, बाकीचं सिंकमध्ये. दोन नंबरचं जास्त घातलं, त्याला जरा बरा वास होता. पाच नंबरचं सगळंच ओतून दिलं, कुबट होतं ते."

पाच नंबरला मी एक्क्याण्णव दिले होते.

तेवढ्यात मागे कोणीतरी खाकरलं. दारात मालक उभे होते. किती वेळ, देव जाणे. मालकांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"नमस्कार," ते अदबीने म्हणाले. "आपण सोमवारी मोकळ्या आहात का?"

सोमवारी सासूबाई ऑफिसात आल्या. ताज्या नमुन्यांच्या बारा पेल्यांचा नुसता वास घेतला, चार बाजूला सारले, एकाला नाक मुरडलं. टेकडीवाले प्रमाण लिहून घेत होते. मी कोपऱ्यात उभा राहून राजीनाम्याचा मायना मनात जुळवत होतो. सगळं झाल्यावर मालक माझ्याकडे वळले, मग सासूबाईंकडे.

"आणि बाई, यांचं काय करू?"

सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मुलीचा संसार त्यांच्या डोळ्यांपुढून गेला असावा.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "अक्षर चांगलं आहे."