ऑर्विलने मिशी काढली

लॉरिंग डेव्हलिन वारल्याची बातमी ऑर्विल टेस्मरने तळ्याकाठच्या खोपटात रेडिओवर ऐकली, आणि त्याने आधी पाणी गरम करायला ठेवलं. मग वस्तरा काढला.

यावरून कुणी त्याला निर्दय समजू नये. डेव्हलिन हा हॉलिवूडच्या कृष्णधवल जमान्यातला नट, आणि ऑर्विलची बायको मार्वा वयाच्या चौदाव्या वर्षापासून त्याची भक्त. त्याचा सही केलेला फोटो टेस्मरांच्या सोफ्याच्या वर टांगलेला. लग्नाआधी मार्वा एकदा म्हणाली होती, "तू डेव्हलिनसारखी मिशी ठेवलीस तर किती छान दिसशील!" तेव्हापासून एक्कावन्न वर्षं ऑर्विल रोज सकाळी आरशापुढे उभा राहून पेन्सिलीच्या रेघेएवढी मिशी कोरत होता. धान्याच्या कोठारावरची नोकरी, शिंकून शिंकून जीव मेटाकुटीला, तरी कोरायची. ताप असला तरी कोरायची. माणूस थकतो हो. आणि रोज कोरताना ऑर्विलच्या मनात एकच प्रश्न यायचा. उद्या आपण गेलो, तर ही बाई डेव्हलिनच्या निम्मं तरी रडेल का?

इकडे मार्वाने अंगणातला झेंडा अर्ध्यावर उतरवला, दाराला काळी फीत बांधलेलं फुलांचं कडं अडकवलं आणि ती आत जाऊन रडत बसली. समोरच्या डोलोरिस केम्फने खिडकीतून पाहिलं. झेंडा अर्ध्यावर, दारावर काळी फीत, आणि मासे धरायला गेलेल्या ऑर्विलची गाडी आठ दिवस जागेवर नाही. आमच्या गावात अशा वेळी कुणी चौकशी करत नाही, दुःखाच्या घरी जेवण पोचवायला सरळ ओव्हन पेटवतात.

तासाभरात डोलोरिस नूडल्स आणि ट्यूना भरलेलं काचेचं पसरट भांडं घेऊन दारात उभी राहिली.

"मार्वा, ऑर्विलचं फार वाईट झालं गं."

मार्वाच्या तोंडचं पाणी पळालं. "ऑर्विलचं? कधी?"

"डोकं शिणवू नकोस. दोन घास खाऊन घे," असं म्हणून डोलोरिसने भांडं तिच्या हातात दिलं, तिला मिठी मारली आणि पाद्रीबाबांना फोन करायला ती घरी पळाली.

खोपटात फोन नव्हता. मार्वाला वाटलं, शेरिफने आधी शेजारी कळवलं असेल. शेजाऱ्यांना वाटलं, घरच्या बाईनेच झेंडा उतरवलाय, आणखी काय कळायचं राहिलं? पाद्रीबाबांनी रविवारच्या प्रार्थनेत नाव घालायचं ठरवलं. शनिवारी दुपारपर्यंत घरात एकोणीस भांडी जमली होती.

त्याच दुपारी सात तास गाडी हाकून ऑर्विल परत आला. त्याला फक्त झोपायचं होतं. पण दारासमोर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गाड्या, जागा नव्हती, म्हणून गाडी दोन गल्ल्या सोडून लावली आणि थकलेले पाय ओढत तो मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरला. समोर डोलोरिस. माणूस मेला असं एकदा ठरलं की तो पुढ्यात उभा राहिला तरी दिसत नाही.

"तुम्ही भाऊ ना त्याचे? कॅन्ससचे?" ती म्हणाली. "चेहरा अगदी तोच. मिशी तेवढी नाही."

ऑर्विलला बोलायचाही कंटाळा आला होता. "हो" म्हटलं की लवकर सुटका होईल, म्हणून तो "हो" म्हणाला. त्याच्या हातात ताट आलं. भूक होतीच.

"शिडी नेली की परत आणून द्यायचा," कुणीतरी म्हणालं.

"न सांगता दारातला बर्फ काढायचा. मिशी मात्र..."

"ती मिशी!" सगळ्यांचं एकमत झालं.

"कोण गेलंय?" ऑर्विलने खाता खाता विचारलं.

"अगं बाई, यांनाही धक्का बसलाय," डोलोरिसने डोळे पुसले. "तुमचा ऑर्विल हो!"

काटा ताटातच राहिला. ऑर्विल बैठकीच्या खोलीत गेला. डेव्हलिनचा फोटो भिंतीवरून उतरवून बुटांच्या कपाटाला टेकवून ठेवला होता, तोंड भिंतीकडे. त्याच्या खिळ्यावर वीस वर्षांचा ऑर्विल होता, कोठारावरची टोपी घातलेला, ओठ सफाचट. खाली मार्वा बसली होती. डोळे सुजून बारीक झाले होते. डेव्हलिनसाठी ती इतकी रडली नव्हती, हे पाहणाऱ्याला सांगावं लागलं नसतं.

तिने मात्र त्याला क्षणात ओळखलं.

"कुठं मेला होतास?" ती ओरडली, हातातल्या फडक्याने तिने त्याला दोनदा मारलं आणि मग त्याच्या शर्टात तोंड खुपसून नव्याने रडायला लागली. ऑर्विललाही रडू आलं.

बऱ्याच वेळाने त्याने ओठावरून हात फिरवला. "मिशी काढली गं. तुला विचारायला हवं होतं."

"बरं केलंस. ती तुला पहिल्या दिवसापासून शोभत नव्हती."

"मग एक्कावन्न वर्षं बोलली का नाहीस?"

"तू रोज इतका जीव लावून कोरायचास," मार्वा नाक पुसत म्हणाली. "मला वाटलं, तुझी हौस आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्विल सवयीने आरशापुढे जाऊन उभा राहिला. करण्यासारखं काही नव्हतं. मग तो खाली गेला आणि त्याने एकोणीस भांडी घासायला घेतली. प्रत्येकाच्या बुडाशी चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव लिहिलेलं होतं. ती घरोघरी परत करायची होती, आणि दुःख झालेल्या घरातून भांडी पोचवायला घरातल्या पुरुषानेच जायचं, अशी आमच्याकडे रीत आहे.