लेकीची चाई आणि माझं टेस्टिंग

हडपसरच्या आयटी पार्कात सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करण्यात माझी अठरा वर्षं गेली. न तपासलेली वस्तू माझ्या हातून पुढे जात नाही! त्यामुळे आमच्या लेकीच्या, स्पृहाच्या डोक्यावर रुपयाएवढी दोन टक्कलं पडली तेव्हा मी जाहीर केलं, "सगळे उपाय तपासू. जिंकेल तो तिला!"

"डॉक्टरबाईंनी सांगितलंय ना, ही चाई आहे. शरीरच केसांच्या मुळांवर उलटतं. महिन्याला इंजेक्शनं घ्या आणि धीर धरा," बायको, तनुजा म्हणाली.

धीर कसला! शनिवारी वक्तृत्व स्पर्धेची अंतिम फेरी, आणि स्पृहा म्हणत होती, "अशा डोक्याने मी स्टेजवर जाणारच नाही." माझा जीव तुटत होता.

मी तक्ता मांडला. इंजेक्शन, मलम, कांद्याचा रस आणि माझी लोणी काळभोरची आत्या सोजरबाई सांगते तो लसूण. पोरीवर प्रयोग नकोत, म्हणून मी माझ्याच डोक्यावर वस्तऱ्याने तीन गोल करून घेतले. एकाला कांदा, एकाला लसूण, तिसरा तुलनेसाठी कोरा!

लसणाने आग आग झाली. आत्याला फोन लावला.

"आग व्हतीया? म्हंजी गुण येतोय! दाबून बांध!"

बांधला. झोपेत फडकं सरकलं आणि लसणाने तिन्ही गोलांचा समाचार घेतला. सकाळी डोक्यावर तीन टम्म पुऱ्या!

डॉक्टरबाईंनी आधी माझं डोकं पाहिलं, मग स्पृहाचं. "हिचे केस येतील असं दिसतंय. तुमच्याबद्दल आज काही बोलत नाही."

स्पृहा महिन्याभरात पहिल्यांदा खो खो हसली. रिक्षात म्हणाली, "बाबा, तू एवढं भाजून घेतलंस. मला तर नुसतं उभं राहून बोलायचंय. जाते मी."

आणि गेली! केस घट्ट मागे बांधलेले, दोन्ही चाया उघड्या, आवाज खणखणीत. एवढं धैर्य या पोरीने आणलं कुठून? माझ्याकडून नक्कीच नाही. मी तिसऱ्या रांगेत कानापर्यंत टोपी ओढून डोळे पुसत होतो.

मागून एक आजोबा म्हणाले, "अहो, टोपी काढता का? मुलगी काही लपवत नाहीये, पण तुमच्यामुळे दिसत नाहीये."

निमूटपणे काढली.

मग आजोबा पुढे वाकून हळूच म्हणाले, "लसूण का?"