शनिवारी दान, रविवारी सत्य

सात दिवसांत मी माणूस म्हणून सुधारून दाखवणार होते! वाचन माझं दांडगं आहे. परभणीच्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे आणि चारित्र्य कसं घडवावं या विषयाची तीन कपाटं माझ्या ताब्यात आहेत. त्यातली निम्मी पुस्तकं मी वाचली आहेत. उरलेली निम्मी कुणीच वाचलेली नाहीत. तेव्हा दिवाळीच्या सुटीत येलदरीच्या घरी बसून हे काम सहज उरकेल, याबद्दल मला तिळभर शंका नव्हती.

कल्पना मात्र आण्णांची. माझे वडील माणिकराव धरणावर पाण्याची पातळी नोंदवायला होते. तीस वर्षं त्यांनी रोज सकाळी पाणी किती ते लिहिलं. निवृत्त झाल्यावर सवय जाईना, म्हणून ते स्वतःची पातळी लिहू लागले. एक छोटी वही. तिच्यात एका पानावर एक आठवडा आणि सात रकाने: संयम, कष्ट, धैर्य, क्षमा, दया, दान, सत्य. ज्या गुणात आज कमी पडलो, त्या रकान्यात एक काळा ठिपका. बस्स.

आण्णा मार्चमध्ये गेले. वही मला आता दिवाळीच्या आवराआवरीत सापडली, त्यांच्या काळ्या लोकरी कोटाच्या आतल्या खिशात. मी रोज एकच पान वाचायचं ठरवलं, म्हणजे ती लवकर संपणार नाही. वाचून झालं की वही परत त्याच खिशात. संध्याकाळी मी तो कोट घालून ओट्यावर बसायचे. येलदरीला पाण्यामुळे गारठा असतो.

स्वतःचे ठिपके मी वही उलटी धरून, मागच्या कोऱ्या पानापासून सुरू केले. रोज एक गुण! सोमवारी संयम होता. चहा सोडला. दुपारपर्यंत डोकं धरणाच्या दरवाजासारखं करकरायला लागलं, तेव्हा तीन कप प्यायले. मंगळवारी कष्ट. माळा आवरायला चढले, उतरता येईना. बुधवारी धैर्य. स्वयंपाकघरातली पाल मी एकटीनं हाकलली, म्हणजे पाल गेली आणि मी तासभर स्टुलावर उभी राहिले. गुरुवारी क्षमा. शेजारच्या सुमनकाकूंच्या शेळीनं आण्णांची तुळस खाल्ली. शेळीला मी तत्काळ माफ केलं. काकूंना माफ करायला वेळ लागत होता, तोवर शुक्रवार उजाडला. शुक्रवारी दया होती, ती सगळी मला माझीच आली.

शनिवारी दान. आणि दारात गोजरबाई!

आण्णांचं अंगण ही गोजरबाईच झाडायची. रविवारी सकाळी ती आणि तिचा नवरा बजरंग ऊसतोडीला निघणार होते.

"ताई, फडात लय गारठा असतोय," ती म्हणाली. "ह्यांच्यासाठी आण्णांचं एखादं जुनं सुटर हाय का?"

स्वेटर होतं. पण दान करावं तर जे देताना हात जड होतो तेच, हे मी निदान चार पुस्तकांत वाचलेलं! मी खुंटीवरचा कोट काढला.

"आवं, सुटर चालतंय की! कोट ऱ्हाऊ द्या."

"घे म्हणते ना!" मी इतक्या उदारपणे ओरडले, की ती घाबरून घेऊन गेली.

त्या संध्याकाळी मी एवढी तृप्त होते, की ठिपक्यांची आठवणसुद्धा झाली नाही. रविवारी सकाळी हातात चहाचा कप घेऊन मी वहीसाठी खुंटीकडे हात नेला.

खुंटीवर खुंटीच होती!

कप तिथंच खाली ठेवला आणि स्कूटी बाहेर काढली. त्या वहीची शेवटची पानं मी अजून वाचली नव्हती. आण्णांचं मी न वाचलेलं असं जगात दुसरं काही उरलेलं नव्हतं, आणि ते एका ट्रकमधून परमुलखात निघालं होतं.

"सकाळी सकाळी कुटं निघालीस, राजी?" कुंपणावरून सुमनकाकू.

आज सत्याचा दिवस होता.

"दिलेला कोट आणायला."

"आगं, दिलेलं परत मागायलीस? लोक काय म्हनतील!" मग त्यांनी डोळे बारीक केले. "थांब. आण्णा दिसले का तुला?"

आता काय सांगायचं? "रोज दिसतात, काकू."

"बोलतेत?"

"बोलतात."

"काय म्हनतेत?"

"चहात साखर कमी टाक."

काकू मटकन पायरीवर बसल्या! पण क्षणभरच. मी किक मारेपर्यंत नवीन फुलाफुलांची शाल गुंडाळून त्या मागच्या सीटवर होत्या, आणि माझ्या कानाशी फोनवर बोलत होत्या.

"गोजरे, कुटं आलाव? देवगाव फाटा? थांबा तितंच! त्यो कोट आदी अंगातनं काढाय लाव! आण्णांचा जीव हाय त्याच्यात!"

"काकू, तसं काही नाही! खिशात वही आहे!"

"तू समोर बघून गाडी चालव."

जिंतूर मागे पडलं तसा पुन्हा फोन वाजला.

"बजरंगला पहाटंपासून मळमळायलंय म्हनं," काकूंनी गंभीरपणे कळवलं.

"काल काय खाल्लं होतं, विचारा."

"बेसनाचे अकरा लाडू. पन त्याचा इथं काय संबंध?"

पाच मिनिटांनी तिसरा फोन. "मुकादम म्हनायलाय, कोट जाळून टाकू."

"जाळू नका म्हणावं!" मी एवढ्यानं किंचाळले, की समोरची म्हैस रस्ता सोडून शेतात गेली.

"गोजरे, जाळू नका म्हनायलीय... व्हय, लय घाबरलीय... व्हय, त्यांनीच सांगितलं आसंल."

पुस्तकांत धैर्यावर शंभर शंभर पानं असतात, पण मागे काकू बसल्या असताना काय करावं, यावर एक ओळ नाही.

देवगाव फाट्याला पोचलो, तर ट्रक रस्त्याकडेला उभा. ट्रकमध्ये कुणीच नाही! तीसेक माणसं, बायका, पोरं सुरक्षित अंतरावर उभी, आणि समोर बाभळीच्या फांदीला आण्णांचा कोट लटकलेला. दोन्ही बाह्या पसरलेल्या. खाली लिंबू, हळद-कुंकू. आणि शेजारी मुकादम वैजीनाथ, एका हातात रॉकेलची बाटली, दुसऱ्यात काडेपेटी.

"ताई, टोळी गाडीत बसना गेलीय," तो हात जोडायला गेला, पण दोन्ही हात गुंतलेले. "इमानानं सांगा. काय हाय ह्या कोटात?"

वही, असंच म्हणायचं होतं मला. शब्द तयार होता. पण कोट वाऱ्यानं जरा हलला. डावा खांदा नेहमीसारखा थोडा खाली.

"आण्णा आहेत," मी म्हणाले.

सगळी टोळी चार पावलं मागं सरकली! बजरंग तिथंच ओकला.

मी पुढे गेले. कोट काढला. आतल्या खिशात हात घातला. खिसा रिकामा!

खालचा खिसा. रिकामा. दुसरा. त्यात अर्धा लाडू. मी कोट पोटाशी धरून बाभळीखाली बसले, लिंबावरच.

"हे हुडकायलाव का, ताई?" गोजरबाईनं कमरेच्या पिशवीतून वही काढली. "कालच काढून ठिवली. फडात भिजली असती."

"मग तासभर बोलली का नाहीस?"

"मला कुनी इचारलं का? हे सगळे कोटालाच भेयायलेत." ती माझ्याजवळ उकिडवी बसली. "मी सातवी शिकलेली हाय. रातच्याला बघितली. पैल्या पानांवर ठिपके लय कमी. पन शेवटच्या पानांवर बघा, दर आइतवारी ठिपका. एकाच रकान्यात. सत्य."

तिनं ते पान उघडलं. एकाच पानाचा माझा नियम तिथंच मोडला. जानेवारी, फेब्रुवारी, मार्चचा पहिला आठवडा. रविवार, सत्य, ठिपका. रविवार, सत्य, ठिपका. तीस वर्षं धरणाचं पाणी इंचभरही चुकवलं नाही असा माणूस!

"आइतवारी काय होतं?" मी विचारलं.

"आवं, तुमचा फोन यायचा की," गोजरबाई म्हणाली. "मी आंगन झाडायचे. 'मी मजेत हाय. जेवलो. गोळी घेतली. तू यायची गडबड करू नको.' असं म्हनायचे. फोन ठिवला की ताट तसंच झाकलेलं."

काकूंनी हातातला फोन पिशवीत टाकला.

मग गोजरबाईनं विचारलं, "ताई, कोट तुमाला खरंच द्यायचाय का?"

सत्याचा दिवस. "नाही."

"मला कालच ठावं होतं. म्हनून तर सुटर चालतंय म्हनलं."

पण थंडी होतीच, आणि स्वेटर येलदरीला. मी उठले आणि काकूंच्या अंगावरची शाल काढून बजरंगच्या खांद्यावर टाकली. दुसऱ्याची वस्तू देताना हात अजिबात जड होत नाही, हे एकाही पुस्तकात नव्हतं!

"आगं माझी शाल!" काकू ओरडल्या. पण तोवर टोळी 'बला टळली' म्हणत ट्रकमध्ये चढली होती, आणि सगळ्यात वर बजरंग, फुलाफुलांचा.

धूळ खाली बसली, तेव्हा माझा फोन वाजला. पुण्याहून महारुद्र, माझा धाकटा भाऊ. आण्णा गेल्यापासून तो दर रविवारी करतो.

"ताई, कशी आहेस?"

"मजेत," मी म्हणाले.

"जेवलीस?"

"केव्हाच. तू यायची गडबड करू नको."

सकाळचा चहा अजून खुंटीखालीच होता. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पिशवीतून पेन काढून माझ्या हातात दिलं.

मी वही उलटी केली. रविवार. सत्य. ठिपका जरा पसरला. काकूंचं पेन गळत होतं.

(पेन गळत नव्हतं. त्याचा वेगळा ठिपका दिला आहे.)