हिरव्या फितीवाले

महामार्गावरून गेलं की देश दिसत नाही, असं फाब्रीस सकाळपासून सांगत होता, आणि दुपार टळेपर्यंत त्याने कुटुंबाला देश पोटभर दाखवला होता. फक्त जेवण दाखवायचं राहिलं. पहिल्या गावातला खाणावळवाला स्वतःच सुट्टीवर गेला होता. दुसऱ्या गावातल्या बाईने घड्याळाकडे बोट दाखवलं. दोन वाजून गेले होते, म्हणजे स्वयंपाकघर बंद.

मागच्या सीटवर सासूबाई ह्युगेत गप्प बसल्या होत्या आणि हे लक्षण वाईट होतं. समुद्रकाठचं सुट्टीचं घर त्यांचं, आणि त्याची किल्ली त्यांच्या पर्समध्ये.

"जावईबापू," शेवटी त्या म्हणाल्या, "पुढच्या स्टेशनवर मला उतरवा. मी आणि किल्ली लिलला परत जातो."

एरवी त्या त्याला फाब्रीस म्हणत. बायकोने, सान्द्रीनने, खिडकीबाहेर पाहिलं. या बाबतीत ती नेहमीच खिडकीबाहेर पाही.

तेवढ्यात वळणावर अक्रोडाच्या झाडांखाली लांबच लांब टेबलं दिसली, आणि भाजलेल्या मटणाचा वास गाडीत शिरला. फाटकावर पाटी होती : वेर्नूय घराण्याचा मेळावा. फाब्रीस रस्ता विचारायच्या निमित्ताने थांबला. फाटकाशी उभ्या असलेल्या ज्योसियान नावाच्या धिप्पाड बाईने गाडीच्या नंबरपाटीवरचा जिल्ह्याचा आकडा वाचला.

"एकोणसाठ! अगं बाई, इतक्या लांबून, उत्तरेकडून? म्हणजे ऑगस्तकाकांची शाखा," असं म्हणत तिने त्याच्या शर्टाला त्या शाखेची हिरवी फीत टोचलीसुद्धा.

फाब्रीसने खरं सांगायला तोंड उघडलं. पण पाहतो तर सासूबाई हिरव्या फितीवाल्यांच्या टेबलाशी जाऊन गळ्यात रुमाल खोवून बसल्या होत्या. त्याने तोंड मिटलं.

जेवण अप्रतिम होतं, पण फाब्रीसचं अर्धं लक्ष फाटकाकडे होतं. शेजारी हिरवी फीत लावलेले एक आजोबा बसले होते. ते, तुम्ही कोण कुणाचे, कुठल्या साली उत्तरेला गेलात, अशा चौकशा करू लागले. फाब्रीस पावाचा मोठा तुकडा तोंडात कोंबून नुसती मान हलवत राहिला.

"बाबा, आपण यांचे कोण?" आठ वर्षांच्या लेओनीने विचारलं.

"खा," फाब्रीस म्हणाला.

चीज आलं आणि त्याबरोबर संकटही आलं. प्रत्येक शाखेने आपल्या मूळपुरुषाची एक आठवण सांगायची होती. माइक हिरव्या टेबलाकडे येऊ लागला. आता शोभा होणार, वर किल्लीही जाणार, हे फाब्रीसला स्पष्ट दिसलं. पण ह्युगेतबाई शांतपणे उठल्या.

"ऑगस्त जेवताना कुणाशी बोलत नसत," त्या म्हणाल्या. "आणि जेवण चुकलं, तर नंतरही बोलत नसत."

टाळ्या पडल्या. शेजारच्या आजोबांनी डोळे पुसले आणि ते म्हणाले, "अगदी असेच होते काका."

निघताना ज्योसियान उरलेला प्लमचा टार्ट बांधून गाडीपाशी आली. टार्ट पाहून फाब्रीसला फारच लाज वाटली.

"ताई, खरं सांगतो. आम्ही ऑगस्तकाकांच्या शाखेचे नाही."

"त्यांना शाखा कुठली? जन्मभर ब्रह्मचारी होते ते," ज्योसियान म्हणाली. "पण दोननंतर या भागात उपाशी माणसाला कुणी विचारत नाही. म्हणून आम्ही दर वर्षी एक टेबल त्यांच्या नावाने मांडतो."

"आणि ते आजोबा?"

"एकदा पंक्चर होऊन आले होते. आता पंक्चर न होताच येतात."

फाब्रीसला इतकं हलकं वाटलं, की त्याने दोनदा गाडी बंद पाडली. मग मागून पर्स उघडल्याचा आवाज झाला आणि किल्ली त्याच्या मांडीवर येऊन पडली.

"फाब्रीस, पुढच्या वर्षीही याच रस्त्याने जाऊ," सासूबाई म्हणाल्या. "फक्त दोनच्या आत पोचू नकोस."