रिकाम्या ताटाचा सिनेमा

नाताळच्या सिनेमांची नस मला बरोबर सापडली आहे! दीड तास 'बाजारानं सण गिळला' म्हणून गळा काढायचा आणि शेवटी झाडाखाली भेटवस्तूंचा ढीग दाखवायचा! म्हणून मी अख्ख्या सानोक गावात जाहीर करून टाकलं, खरा सिनेमा मी काढणार! फादर क्लेमेन्सनी चर्चचा हॉल दिला, गावाला आमंत्रणंही गेली. आता माघार म्हणजे नाचक्कीच.

कल्पना साधी होती. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे घरोघरी अवचित पाहुण्यासाठी एक ताट जास्तीचं मांडतात. ते आता नुसतं शोभेला उरलंय, हे मला दाखवायचं होतं. माझा मेहुणा मिरेक फाटका कोट घालून दारं ठोठावणार, खरेदीनं आंधळे झालेले लोक त्याला हाकलणार आणि मी झुडपाआडून चित्रण करणार!

"पहिला तारा दिसला की जेवायला हजर व्हा," हालिनानं, म्हणजे बायकोनं, बजावलं.

"अगं, दहा मिनिटांचं काम!"

पहिल्या घरात मिरेकला दंडाला धरून आत ओढलं. तो ढेकर देतच बाहेर आला.

"अरे, हाकलून घ्यायचं होतं ना!"

"दाजी, बिटाचं गरमागरम सार वाढलं हो! नाही कसं म्हणू?"

दुसऱ्या घरून स्वारी नवेकोरे लोकरी मोजे घालून परतली. मी कपाळ बडवलं! शेवटची आशा आमचा शेजारी काझुबेक. भेटवस्तूंचं दुकान चालवणारा, महाचिक्कू! हा नक्की हाकलणार!

मिरेक आत गेला तो गेलाच. कॅमेरा चालू ठेवून खिडकीतून बघतो तर काझुबेक त्याच्या ताटात मासा वाढतोय आणि दोघं गळ्यात गळे घालून गाणी म्हणतायत! माझे पाय गारठून लाकूड झाले होते. तेवढ्यात मागून कुणीतरी खांदा हलवला.

"दादा, शेवटची बस चुकली हो. कुठं टेकायला मिळेल का?"

"पुढचं दार बघा!" मी मागं न वळताच खेकसलो. "इथं काम चाललंय, दिसत नाही?"

शेवटी हात हलवत घरी आलो. जास्तीच्या ताटावर एक म्हातारा सार भुरकत होता. तो हालिनाला काही सांगत होता आणि आवाज तोच, मघाशी झुडपामागं माझा खांदा हलवणाऱ्याचा! काझुबेकच्या पुढचं दार आमचंच की!

"आलात?" हालिना कडाडली. "मिळाला का तो दारातून हाकलणारा माणूस?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मग गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे.

"नाही मिळाला हो त्यांना," तो म्हणाला आणि सरकून जागा करत मलाच म्हणाला, "बसा ना, लाजू नका!"

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

फादरना कळवलंय, कॅमेरा बिघडला. तो उत्तम चालतोय. आवाज तर फारच स्पष्ट टिपतो!